पाठीला पाठ
घोंगडीचा वास आला की माझी पाठ अजून आपोआप ताठ होते. पिंपरीत नवा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि आमच्यात अबोला; बायको संध्याकाळच्या गाडीनं कासारवाडीहून कायमची माहेरी निघणार होती. मावशीनं शेवटचा उपाय म्हणून आम्हाला मोशीला, नवराबायकोची भांडणं मिटवणाऱ्या एका म्हातारीकडे नेलं. तिनं मला अंधाऱ्या खोलीत घोंगडीवर बसवलं. "ती यील, पाठीला पाठ लावून बसंल. मागं वळायचं न्हाई. मनातलं बोला." थोड्या वेळानं एक उबदार पाठ येऊन टेकली. घरात तोंड न उघडणारा मी भडाभडा बोललो, "तू गेलीस तर घर खायला उठेल गं," म्हणत चक्क रडलो. मागची पाठही हुंदक्यांनी हलत होती. मग ती उठली. डोळे पुसत मी अंगणात आलो, तर पलीकडच्या गोठ्याशेजारच्या खोलीतून बायको बाहेर येत होती. मला पाहून ती थबकली. "अहो, तुम्ही तिकडून कसे? आत्ता तर माझ्या पाठीला टेकून रडत होतात!" म्हातारी शांतपणे म्हणाली, "बोलून झालं न्हवं? मंग जावा घरी." बायकोनं गाडी सोडून दिली. वाटेत आधी कोणी कोणाचा हात घट्ट धरला, याबद्दल मी आजही खोटं बोलतो. आता भांडण झालं की आम्ही समोरासमोर बसतो, आणि भरदुपारीसुद्धा दिवा लावतो.