क्लेम ट्रेविनच्या चौकटीतला माणूस

मर्ल हॉकडेचं गावात कुणाशी पटत नसे. तीस वर्षं पोस्टात पत्रं लावून निवृत्त झालेली ही बाई एकटीच राहायची, आणि कुणा मेलेल्या म्हाताऱ्याचं सामान लिलावाला निघालं की सगळ्यांच्या आधी हजर. कपाटं, कपबश्या तिला नको असत. तिला हवे असत पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायांचे फोटो. बटणं, खांद्यावरची कापडी पट्टी, स्टुडिओतली खुर्ची यांवरून ती माणूस हुडकून काढी. जिवंत माणसांशी मात्र तुसडेपणानेच वागे.

त्या एप्रिलात अँझॅक दिनासाठी, म्हणजे युद्धात पडलेल्या शिपायांच्या स्मृतिदिनासाठी, माजी सैनिकांच्या क्लबात साफसफाई चालली होती. भिंतीवरचा क्लेम ट्रेविनचा फोटो काच पुसायला खाली काढला होता. क्लेम म्हणजे गावाचा हुतात्मा, १९१६ साली फ्रान्समध्ये पडलेला. मर्लने फोटो प्रथमच जवळून पाहिला. शिपायाच्या उजव्या बाहीवर परदेशातल्या नोकरीचे बारीक पट्टे होते, आणि ते पट्टे सुरूच झाले १९१८ साली.

क्लबाचा अध्यक्ष डेन्झिल ट्रेविन हा क्लेमचा पुतण्या. हा फोटो क्लेमचा असूच शकत नाही, असं मर्लने त्याला तिथेच सांगून टाकलं.

"आमच्या घरच्या मेलेल्यांना हात लावू नकोस," तो शांतपणे म्हणाला आणि दार उघडून उभा राहिला.

मर्लने घरी खोकी उपसली. तोच चेहरा सापडला, मागे नाव: वॉल्टर गिब. हा गिब लढाईवरून जिवंत परतला, दारूत बुडाला आणि क्लबातून कायमचा हाकलला गेला. मर्लने साप्ताहिकाला पत्र लिहिलं. ते छापून आल्यावर तिच्या फाटकात कुणीतरी माशांची आतडी ओतली. बेकरीवाली तिला पाव देईना.

मग क्लेमच्या धाकट्या बहिणीने, त्र्याण्णव वर्षांच्या आयव्हीने, तिला बोलावून घेतलं. पण बसायला सांगितलं नाही.

"आईकडे क्लेमचा एकही फोटो नव्हता," आयव्ही म्हणाली. "गिब त्याच्या तुकडीतला. भेटायला आला तेव्हा त्याने स्वतःचा फोटो पुढे केला. म्हणाला, चेहरेपट्टी थोडी जुळते, लांबून चालून जाईल. आईने ठेवून घेतला. पुढे तोच क्लबात लागला."

"आणि तुम्ही सगळे गप्प राहिलात?"

"आई त्या फोटोशी बोलायची. आम्ही काय सांगणार होतो?"

"त्याला त्याच्याच फोटोखालून हाकललं, मावशी."

"ठाऊक आहे. हाकलणारा माझा भाऊ होता, डेन्झिलचा बाप." म्हातारीने काठी आपटली. "पण गिबचं नाव त्या भिंतीवर मी जिवंत असेतो लागणार नाही. आईला दुसऱ्यांदा मुलगा गमावू देणार नाही मी. जा आता."

मर्ल निघाली. रस्त्यावर येईपर्यंत तिला राग कुणाचा आलाय हेच कळेना.

अँझॅक दिनाच्या सकाळी क्लबाच्या भिंतीवर नुसता खिळा होता. फोटो तिच्या पायरीवर पडला होता, चौकट मोडलेली, चिठ्ठी नाही. तिने काचा वेचल्या आणि मागे पेन्सिलीने लिहिलं: वॉल्टर गिब. थोडं थांबून त्याखाली लिहिलं, क्लेम ट्रेविनच्या आईसाठी दिलेला.

ट्रेविनांपैकी कुणी पुन्हा तिच्याशी बोललं नाही. पाव ती शेजारच्या गावाहून आणू लागली.