तिसऱ्या खिडकीतला हात

पाटीवालीला सगळी गल्ली पाटीवालीच म्हणते. आता तिच्याकडे दोन कॉम्प्युटर आहेत, दारावर काचेचा फलक आहे. पण तिने सुरुवात केली ती शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवण्यापासून, आणि लोकांची तोंडं कोण धरणार? त्या दिवसांत एका शिंप्याने अर्धी पाटी झाल्यावर हुकूम सोडला, प्रत्येक अक्षर वेगळ्या रंगात हवं. बाईंनी ब्रश पुसला, शिडी काखेत मारली आणि चालू पडल्या. ती अर्धी पाटी कितीतरी वर्षं तशीच लटकत होती. शिंपी उरलेलं काम दुसऱ्या कुणाकडून करून घेईना; तोही काही कमी हट्टी नव्हता.

अशा बाईला गावाबाहेरच्या जुन्या क्षयाच्या इस्पितळाचं काम मिळालं. तिथे आता शहराचं संग्रहालय होणार होतं. लोगो, तिकिटं, बाणांच्या पाट्या, पहारेकऱ्यांच्या सदऱ्यावरचा बिल्ला, सगळं तिनेच ठरवायचं होतं. एवढं मोठं काम तिला आयुष्यात पहिल्यांदाच आलं होतं. समितीचे अध्यक्ष पहिल्याच बैठकीत म्हणाले, "मॅडम, एकच सांगणं आहे. आजारपणाचा वाससुद्धा येता कामा नये. उगवता सूर्य कसा वाटतो?"

पाटीवालीने काय काढायचं ते लहानपणीच ठरून गेलं होतं.

तिची मावशी ह्याच इस्पितळात होती. भेटायला आत सोडत नसत. कचेरीतल्या माणसाने आईला सांगितलं होतं, "वरचा मजला, तिसरी खोली." मग दर रविवारी आई तिला घेऊन रस्त्यावर फाटकाबाहेर उभी राहायची आणि वरच्या मजल्यावरची तिसरी खिडकी बोटाने दाखवायची. चेहरा दिसत नसे. गजांतून एक हात बाहेर यायचा आणि हलायचा. ह्या दोघीही खांदे दुखेपर्यंत हात हलवायच्या.

मावशी बरी होऊन आली ती मात्र फणकाऱ्यातच. "काळं कुत्रंही फिरकलं नाही माझ्याकडे," हे तिचं पालुपद. आई म्हणायची, "अगं, दर रविवारी येत होतो!" मावशी म्हणायची, "थापा मार." दोघी बहिणी ह्यावर जन्मभर भांडल्या. पाटीवालीने स्वतःच्या डोळ्यांनी हात पाहिला होता, त्यामुळे मावशीच खोटारडी, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. आई गेल्यावर तिने मावशीला आपल्याकडे आणलं, सांभाळलं, पण ही अढी काही गेली नाही.

तर लोगो असा झाला: एक उभी खिडकी, तीन गज, आणि गजांतून बाहेर आलेला हात. मोजून चार-पाच रेघांचं काम. तिने तो छापून भिंतीवर लावला आणि जरा मुद्दामच मावशीला बोलावलं.

"ओळख पाहू."

मावशीने चष्मा सारखा केला. "इस्पितळाची खिडकी. हात कुणाचा?"

"तुझाच! रस्त्यावरची, वरची तिसरी. आता तरी कबूल कर."

"माझी खोली मागच्या अंगाला होती. खिडकीतून वाळत घातलेल्या चादरी दिसायच्या, दुसरं काही नाही. रस्त्यावरच्या तिसरीत राणी होती."

इतक्या वर्षांच्या भांडणात कोणती खिडकी हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. भांडताना तपशिलात कोण शिरतं? वरच्या मजल्यावर दोन्ही अंगांना खोल्या होत्या, आणि आईने आपल्याला दिसल्या तेवढ्याच मोजल्या होत्या.

"राणी कोण?"

"तिचं कुणी नव्हतं. रविवार आला की ऐट बघावी. 'माझी माणसं येऊन गेली, पोरीलाही आणलं होतं,' म्हणायची. आम्ही तोंडावर हसायचो तिला. म्हणून तर राणी नाव पाडलं." मावशी खुर्चीत बसली. "ती घरी नाही गेली गं. तिथेच संपली." मग ती पुन्हा चित्राकडे वळली. "म्हणजे तुझी आई खरंच येत होती." आणि ती रडली. आधी बहिणीच्या नावाने, मग राणीच्या, आणि मग स्वतःवरच चिडून. पाटीवालीलाही रडू फुटलं. खोटारडं कुणीच नव्हतं, आणि ते ऐकायला आई उरली नव्हती.

डोळे पुसून मावशी म्हणाली, "तो हात पुसलास ना, तर याद राख."

दुसऱ्या बैठकीत पाटीवालीने सगळं जसंच्या तसं सांगितलं. अध्यक्षांनी नेमकं तेच उचललं. "म्हणजे गोष्टच चुकीची! खिडकी राहू द्या, हात काढा. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"खिडकी चुकली होती साहेब. हात खरा होता."

"लोकांना हे बघवणार नाही."

"आम्ही दर रविवारी बघत होतो. हातासकट घ्या, नाहीतर सगळंच परत द्या." तिने कागद गुंडाळले आणि ती बाहेर पडली. एवढं मोठं काम पुन्हा दारात चालून येणार नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

अध्यक्षांनी आपल्या भाच्याकडून सूर्य करून घेतला. तो दर्शनी भिंतीवर चढवल्यावर इमारत थेट बिस्किटांच्या कारखान्यासारखी दिसायला लागली. समितीतलेच लोक फाटकात शिरताना हसू लागले. शेवटी फोन आला. "या मॅडम," अध्यक्ष कोरड्या आवाजात म्हणाले, "तुमचा तो हात घेऊन या."

उद्घाटनाच्या दिवशी फाटकावर, तिकिटावर, पहारेकऱ्यांच्या छातीवर राणीचा हात होता. मावशीने तो बिल्ल्यावर बोट फिरवून पाहिला. मग काठी टेकत जिन्याकडे वळली. "मी वर जाते. तू मागच्या अंगाला जा."

"अगं, आता भाषणं सुरू होतील. माझा सत्कार आहे."

"मग घे सत्कार. मी वाट बघायला शिकलेय."

पाटीवाली निघाली. मागच्या बोळात कचऱ्याचे डबे होते, मांडववाल्याचे बांबू पडले होते. कर्ण्यावरून तिचं नाव पुकारलं गेलं. थोड्या वेळाने पुन्हा पुकारलं. ती डब्यांच्या मधोमध उभी राहिली, वरच्या मजल्यावरच्या खिडक्या मोजल्या, खात्रीसाठी पुन्हा मोजल्या, आणि तिसरीकडे बघून खांद्यापासून हात हलवायला लागली.

गजांमागे मावशी आली. तिने खाली नीट निरखून पाहिलं. हात मात्र बाहेर काढला नाही.

"आता येतेस होय!" ती सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशी ओरडली. "आईला का नाही आणलंस?"