सरसाने चिकटवलेल्या खुंट्या

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर ‘गप रे’ म्हणणारा मी माणूस. चिपळूणचा सुतार. लाकूड कशाने फुगतं, कशाने करकरतं ते मला कुणी शिकवू नये! तरी हे लिहितोय...

आखाती युद्ध चालू होतं. सौदीत धाहरानजवळच्या लेबर कॅम्पमध्ये माझ्या खोलीत सीदी होता — पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियाचा मूर, ट्रक ड्रायव्हर. त्याच्या वारलेल्या आईचं आर्दीन भिंतीवर टांगलेलं. भोपळ्यावर कातडं, वर उभी दांडी, दांडीला खुंट्या नि तारा. त्यांच्यात हे वाद्य बायकाच वाजवतात. सीदी नुसतं पुसायचा.

“गाणं आनंदात सुरू होतं, विरहात संपतं,” तो सांगायचा. “दर टप्प्याला अम्मा खुंट्या पिळून सूर बदलायची. मागे फिरायचं नाही. शेवटचा सूर झाला की सगळ्यांनी उठायचं.”

क्षेपणास्त्राचा सायरन झाला की आम्ही विषारी वायूचे मास्क लावून खोलीतच बसायचो. आणि दर सायरननंतर आर्दीनचा सूर एक टप्पा पुढे! सीदी तारेला बोट लावून ओळखायचा, घाबरायचा. मला वाटलं, चावटपणा ह्याचाच. म्हटलं, थांब लेका! खुंट्या सरसाने पक्क्या चिकटवल्या, वर प्रत्येक खुंटीवरून दांडीपर्यंत पेन्सिलीची रेघ मारली.

त्या संध्याकाळी जेवायला बसतोय तोच सायरन. आम्ही दोघं समोरासमोर. आणि भिंतीवर करकर... माझ्या डोळ्यांदेखत खुंट्या फिरत होत्या हो! एकेक करून. आईशप्पथ! मग तारा आपोआप वाजल्या.

सीदीने मास्क काढला. “शेवटचा सूर. अम्मा उठा म्हणतेय.” आणि दार उघडून सरळ बाहेर!

“अरे मरशील! आत चल!” शिव्या घालत मी मागे धावलो. मेसपाशी त्याची कॉलर धरून मागे ओढत होतो, तेवढ्यात आभाळातून जळतं लोखंड आलं, ते आमच्याच खोलीवर. छप्पर, खाटा... सगळं खलास.

सकाळी ढिगाऱ्यात दांडी सापडली. सीदी ती छातीशी धरून लहान पोरासारखा रडला. मी एकेक खुंटी निरखून बघितली. सरस तसाच. रेघा सरळ. एकही खुंटी केसभर हललेली नव्हती.

मग मी पाहिलं ते काय? दोघांनी ऐकलं ते काय? लाकडाचं सगळं कळतं म्हणणारा मी... मला अजून सांगता येत नाही. सांगायला जिवंत आहे, एवढंच.