पाचरीवरचं कुंकू

त्या उत्कर्षाचं नाव जरी काढलं तरी माझं डोकं फिरतं. चांगली शिकलेली, गोड बोलणारी पोरगी. आमच्या विमलमावशींना तिनं आठ महिने गोड बोलूनच झुलवलं. पण मावशींची हकीकत सांगायची तर एकट्या तिच्यावर राग काढून भागणार नाही. आणखी दोघांवर काढावा लागेल. एक आमचा शेठ, दौलतराव. दुसऱ्याचं नाव ओघात येईलच.

विमलबाई टाकळकर खेडकडच्या. भोसरी एमआयडीसीत आमच्या पॉवर प्रेसच्या शॉपमध्ये त्या चौदा वर्षं कामाला होत्या. आम्ही गाड्यांसाठी पत्र्याचे लहान ब्रॅकेट काढायचो, ते पुढं चाकणला जायचे. मी नवनाथ, त्या शॉपचा डायसेटर. मशीनवर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, चढवायची, मशीन नीट बसवून द्यायची, हे माझं काम. तीन नंबरच्या प्रेसवर मावशी. त्यांच्या स्टुलावर दुसरं कुणी बसलेलं त्यांना खपत नसे. मी एकदा टेकलो तर म्हणाल्या, "उठ. तुझी डाय तू बघ, माझं स्टूल मी बघती." डाय बोथट झाली की मला कळायच्या आधी त्यांना कळायचं, ते पण नुसत्या आवाजावरून. त्या हाक मारायच्या, मी 'थांबा हो मावशी' म्हणायचो, आणि दहा पीसनंतर पत्र्याला खरखरीत कडा यायला लागायच्या. मग त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. चौदा वर्षांत त्यांच्या हातचा माल परत आल्याचं मला आठवत नाही. नवरा कोंडाजी चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत होता. आत जाणाऱ्यांच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवायचे, हे त्याचं काम. मावशी म्हणायच्या, "आमच्या ह्यांनी अख्ख्या चाकणचं डोळं झाकल्यात."

आता प्रेसचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. उजव्या हातानं एक, डाव्या हातानं एक, दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोका खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बटणांवर अडकलेले, डायमध्ये कुणाचा हात असणंच शक्य नाही. साधी आणि शहाणी सोय. पण तिनं माल हळू निघतो. म्हणून डाव्या बटणाशेजारच्या फटीत लाकडाची पाचर ठोकायची. बटण कायमचं दाबलेलं राहतं. मग एक हात बटणावर, दुसरा पीस ठेवायला-काढायला मोकळा. तासाला दीडपट माल. आमच्या पाचही मशीनला पाचरी होत्या. सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आमच्या गल्लीत बिनपाचरीचं मशीन म्हणजे आळशी मशीन.

खंडेनवमीला शॉप बंद असतं. मशीन रॉकेलनं पुसून काढायची, झेंडूच्या माळा घालायच्या, बायका नवी लुगडी नेसून येतात, पोरंबाळं येतात. त्या वर्षी मावशींची सायली मोबाइल घेऊन आली होती. कॉलेजात तिनं एक पोस्टर पाहिलं होतं: शहरातल्या लोकांनी आपापल्या मोबाइलवर आपल्या जगण्याचं शूटिंग करून पाठवायचं, त्यातून एक मोठी फिल्म होणार. नाव 'हातांचं शहर'. सायलीनं आईची पूजा शूट केली. मावशींनी मशीनला हळदीकुंकू वाहिलं. डायला वाहिलं, मोटारीला वाहिलं, ऑइलच्या डब्याला वाहिलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आनि हिला?" त्या पाचरीकडं बोट दाखवत होत्या. मी हसत म्हणालो, "लावा की. मी स्वतः ठोकलीय, कष्ट तर तीच करती सगळ्यात जास्त." मावशींनी पाचरीला पाचही बोटांनी कुंकू लावलं आणि हात जोडले. आम्ही सगळे हसलो. एक मिनिट चाळीस सेकंदांचा व्हिडिओ.

दिवाळीत सायलीनं तो त्या फिल्मवाल्यांच्या साइटवर चढवला, खाली अटी होत्या तिथं टिचकी मारली, आणि मोबाइलची मेमरी भरली होती म्हणून आपल्याकडचा उडवून टाकला. वर चढलाय ना, मग इथं ठेवायचा कशाला, असा हिशोब. मला तिचा राग येत नाही. आमच्यासारखी माणसं वर चढलेल्या गोष्टीवर देवासारखा भरवसा ठेवतात.

जानेवारीच्या शेवटी मावशींचा डावा हात डायमधून पीस काढत होता, पीस अडकला म्हणून उजवाही बटण सोडून मदतीला गेला. ते उजवं बटण अर्धं दाबलेल्या अवस्थेत चिकटलेलं होतं, ठोका एक जास्तीचा आला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. मी मशीनचा मेन बंद केला. मावशी ओरडल्या नाहीत. "माझी बोटं उचला," एवढंच म्हणाल्या. शेजारच्या मशीनवरच्या कुलदीपनं त्यांना गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं.

त्यांची गाडी गेटबाहेर पडली आणि शेठनं माझ्याकडं पाहिलं. तोंडानं काही बोलले नाहीत, नजर नुसती तीन नंबरच्या मशीनवर नेली. मी पकड घेतली आणि पाचर उपटली. मग बाकीच्या चारही उपटल्या. दुसऱ्याचं नाव ओघात येईल म्हणालो होतो ना? ते हे. नवनाथ.

चौकशीला सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर साहेब आले. त्यांनी मला नीट, सरळ विचारलं, "बटण अडकवलेलं होतं का?" मी म्हणालो, "नाही साहेब. दोन्ही चालू होती. मावशींचं लक्ष नसेल." शेठनं आदल्या दिवशी केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "पाचर तू ठोकलीस. मी हातात हातोडा घेतलेला कुणी बघितलाय? आत जाशील तो तू." मी घाबरलो. घाबरलो हे खरं आहे, आणि ते सांगून माझी सुटका होत नाही हेही खरं आहे. नोकरीच्या भीतीनं बाकीच्यांनीही माझीच री ओढली. कागदावर आलं: कामगार महिलेच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात.

मावशींनी तो कागद सायलीकडून वाचून घेतला. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचा हात पांढऱ्या पट्टीत होता आणि आवाज चढलेला होता. "बोटं गेली ती गेली. मशीनवर बसायचं म्हंजी ती भीती असतीच. पन मला निष्काळजी म्हनायची ह्यांची छाती कशी झाली? चौदा वर्सं! एक दिस डुलकी न्हाई काढली मी!" मी खाली मान घालून चहा प्यायलो. त्यांनी मला काही विचारलं नाही.

विचारलं नाही, कारण त्यांना व्हिडिओ आठवला होता. त्यात पाचर होती, तीन महिने आधीची, तारखेसकट. तो एक व्हिडिओ मिळाला की कागदावरचा तो शब्द पुसला जाणार, असं त्यांच्या मनानं धरलं. डाव्या हातानं फोन धरायला शिकल्या आणि त्या फिल्मवाल्यांच्या ऑफिसातल्या उत्कर्षाला फोन लावायला लागल्या.

पहिल्यांदा उत्कर्षा म्हणाली, "अय्या काकू, तुमचा व्हिडिओ आम्हाला किती आवडलाय!" दुसऱ्यांदा म्हणाली, टीमला विचारते. मग म्हणाली, अटींप्रमाणे फुटेज आता प्रोजेक्टचं आहे, फिल्म दाखवेपर्यंत बाहेर देता येत नाही. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, माझ्याच हातानं केलेली पूजा, माझ्याच पोरीनं काढलेला व्हिडिओ, अन् मलाच न्हाई?" त्यावर ती म्हणाली, समजतंय हो काकू, पण प्रोसेस असते. उन्हाळा गेला, पावसाळा आला. बसनं दोनदा त्या पुण्याच्या त्यांच्या ऑफिसात जाऊन आल्या. दुसऱ्या वेळी मी सोबत गेलो. हो, गेलो. पाचर ठोकणारा मी, उपटणारा मी, आणि पुरावा शोधायला सोबत जाणाराही मीच. तिथं सोफ्यावर बसून त्या उत्कर्षावर सगळ्यात जास्त मी ओरडलो. "माणुसकी आहे का तुम्हाला?" असं विचारलं मी तिला. मला आता वाटतं, त्या दिवशी इतका आवाज चढवला कारण तो व्हिडिओ मिळाला तर त्यात माझाच आवाज होता, हे मला पक्कं माहीत होतं.

सप्टेंबरात दोन पास आले. चिंचवडच्या एका हॉलमध्ये फिल्म दाखवणार होते. कोंडाजीची ड्यूटी होती, म्हणून मावशी मला घेऊन गेल्या. बाहेर समोसे, चहा, भिंतीवर मोठमोठे फोटो: भाजी निवडणारे हात, वेल्डिंगचे हात, मेंदीचे हात. आम्ही मधल्या रांगेत बसलो. मावशींनी उजवा हात पदराखाली घेतला होता.

फिल्म बरी होती, खोटं कशाला बोलू. कुणी पोळ्या लाटत होतं, कुणी बसमध्ये झोपलं होतं, रिक्षावाला नमाज पढून उठत होता. मग बासरी वाजायला लागली आणि अख्ख्या पडद्यावर विमलमावशींचा हात आला. भिंतीएवढा हात. पाचही बोटं. हिरव्या बांगड्या, कुंकवानं लाल झालेली नखं, आणि खाली लाकडाचा एक तुकडा. बटण दिसत नव्हतं, मशीन दिसत नव्हतं. माझा आवाजही नव्हता, त्याच्या जागी बासरी. हात जोडले गेले आणि पुढचा कुणीतरी दूध काढायला लागला. सहा सेकंद. पुढून एक बाई म्हणाली, "किती सुंदर!" चार-दोघांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. माझा आवाज कापला म्हणून मी सुटलो, असं वाटून छातीवरचं ओझं उतरलं. शेजारी ती बाई आपल्याच बोटांकडं बघत बसली होती, आणि मला हायसं वाटलं. स्वतःची एवढी घाण मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बाहेर उत्कर्षा धावत आली. "काकू, बघितलं ना? तुमचा शॉट सगळ्यांच्या तोंडी आहे! पूर्ण व्हिडिओचं मी बघते हं, तो आता अर्काइव्हमध्ये गेलाय, काढायला थोडा वेळ..." मावशींनी पदराखालचा हात बाहेर काढला आणि तिच्या तोंडासमोर धरला. एक अंगठा, एक करंगळी. ती पोरगी पांढरी पडली. मावशी म्हणाल्या, "घाई नगं करू. ती तीन आता तुमच्याकडंच हायेत. नीट सांभाळा." आणि चालू लागल्या.

बसस्टॉपवर आम्ही उभे राहिलो. मी पुन्हा त्या फिल्मवाल्यांना शिव्या घालायला सुरुवात केली. कोर्टात खेचू, पेपरात देऊ, असं काय काय बोलत होतो. मावशी ऐकत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "नवनाथा, मला व्हिडिओ कशापायी लागत व्हता रं?"

"पुरावा म्हणून, मावशी."

"तू व्हतास की तिथं."

बस आली. त्या चढल्या. मी खालीच राहिलो. त्यांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं. आठ महिने त्या माझी वाट बघत होत्या आणि मी त्यांच्यासोबत व्हिडिओची वाट बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. त्या साहेबांच्या ऑफिसात गेलो आणि म्हणालो, मी तेव्हा खोटं बोललो, आता खरं लिहून घ्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि याचा अर्थ काय होतो तेही सांगितलं. मी लिहून दिलं. पाचर मी ठोकली. मालकाच्या सांगण्यावरून पाचही मशीनला ठोकल्या. अपघातानंतर मीच उपटल्या. विमलबाई टाकळकर यांची काडीची चूक नाही. संध्याकाळपर्यंत शेठचा फोन आला. त्यांनी काय शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. उद्यापासून येऊ नकोस, हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य.

मी जबाबाची प्रत घेऊन मावशींच्या खोलीवर गेलो. त्या डाव्या हातानं कणीक मळत होत्या, जमत नव्हतं, परातीबाहेर पीठ सांडलेलं होतं. सायली अभ्यास करत होती. मी कागद पुढं केला. मला वाटलं होतं त्या रडतील. मला माफ करतील, असंही कुठंतरी वाटलं होतं. निर्लज्जासारखं.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. त्या मळत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, "आठ म्हैनं लागलं तुला चार वळींना."

त्यांनी पिठाचा हात परातीच्या कडेला पुसला आणि उठून खोलीचं दार सताड उघडलं. चाळीत सगळ्यांच्या चुली-शेगड्यांची वेळ होती, बायका दारात बसल्या होत्या, आमच्याच लाइनीतली माणसं शिफ्टवरून परतत होती.

"साधना, ए खैरुन्निसा, या गं हिकडं. समदीच या," त्यांनी हाका मारल्या. "मला निष्काळजी म्हनत व्हती न्हवं समदी? ऐका आता."

मग माझ्याकडं वळल्या.

"उभा ऱ्हा. पाचर कुनी ठोकली तिथनं सुरू कर. आनि मोठ्यानं वाच."

मी उंबऱ्यात उभा राहून मोठ्यानं वाचायला लागलो.