एकेचाळीस अंशांच्या वर

दोन पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचे, त्यातला थेंबभर दोन काचांच्या मधे ठेवायचा, हळूहळू तापवायचा आणि सूक्ष्मदर्शकातले रंग कितव्या अंशाला जातात ते लिहायचं. अमरावतीच्या कॉलेजात पाच वर्षं मी हेच केलं. द्रवस्फटिक म्हणतात त्यांना. धड पाणी नाही, धड खडा नाही. लग्नाच्या वयाची पोरगी थेंब कसले तापवत बसते, असं हिवरखेडला आमच्या घरी सगळे विचारायचे. प्रयोगशाळेत मी एकटीच असायचे. संध्याकाळी शिपाई कुलूप लावायला आला की दिवसातलं पहिलं वाक्य तोंडातून निघायचं. घरच्या एकानं तरी येऊन हे बघावं, एवढंच मला हवं होतं.

मे महिन्यात बाबा एका लग्नाला अमरावतीत आले. फोनवर म्हणाले, "येतो मी धाच्या सुमारास. पाह्यतो तरी, काय करून राह्यली तू येवढे दिवस."

मी माझं सगळ्यात देखणं मिश्रण लावून ठेवलं. हिरवं, जांभळं, मोरपंखी. एकेचाळीस अंशांना त्याचे रंग जायचे. पंगत आटोपून बाबांना यायला दोन वाजले.

टोपी काढून, चष्मा कपाळावर चढवून ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच.

"दिसलं का, बाबा?"

"दिसलं ना. लय सुंदर हाये." मग घड्याळ बघितलं. "चाल, निंगतो. परतवाड्याची गाडी नाई भेटत मंग."

ते गेल्यावर मी डोळा लावला. काळंकुट्ट! भिंतीवरचा पारा त्रेचाळीसवर होता. कूलर साहेबांच्या केबिनमध्ये, आणि आमची खोली आपोआपच तापलेली. पाच वर्षं ज्या आकड्याच्या मागे होते, तोच मी अक्कलशून्य विसरले. फाटकापर्यंत धावले, पण ऑटो गेला होता. परत येऊन काच पाण्याच्या गार माठाला टेकवली आणि पुन्हा बघितलं. सगळे रंग हजर.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "तुये बाबा साऱ्या गावाले सांगून राह्यले, पोरीचं काम लय भारी हाये म्हणून."

"काय दिसलं म्हणतात?"

"म्हंते, सांगून समजत नाई तुमाले."

मी फोन ठेवून रडले. बाबांनी माझं मन राखलं, ते मला कळत होतं आणि त्याचाच राग येत होता. 'मले काईच नाई दिसत, पोरी,' एवढं म्हणाले असते, तर दोन मिनिटांत दाखवलं असतं मी.