न वाचलेला करार

गुणाजी गेल्याचा फोन कुडाळहून आला, तेव्हा आधी सुटल्यासारखंच वाटलं. ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं; आता निदान त्याच्या तोंडावर सांगावी लागणार नव्हती… इतका मी भेकड.

गुणाजी धामापूरचा, आमच्या पतसंस्थेचा सचिव. औषधाच्या खोक्यातला बारीक कागद पूर्ण वाचल्याशिवाय गोळी न घेणारा. मी संस्थेचा वकील. खात्यांचं संगणकाचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरलं आणि पुण्याहून दोन कोटवाले आले. 'क्लाउड' म्हणजे काय हे ते आभाळाकडे बोट दाखवून समजावत होते, जणू समोर माकडं बसली आहेत. आमचे संचालक त्याच लायकीचे. अध्यक्षांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं आणि कराराचं बाड न उघडताच सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणाले.

गुणाजीने तेवढं ते शेवटपर्यंत वाचलं. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "वकिला, करार मोडलो तर आमची माहिती परत देतले, असा खंय लिवलेला आसा? माका दिसाक नाय. आणि भांडण झाला तर कोर्ट पुण्याचा!"

"सगळे करार असेच असतत रे."

"तू वाचलंस मां?"

"वाचलंय."

मी फक्त पहिलं पान चाळलं होतं.

पुढे कंपनीने दर वाढवले, आम्ही नाही म्हटलं, आणि एका सकाळी खाती उघडेनात. वाढीव पैसे भरा, नाहीतर पुण्याच्या कोर्टात या! सर्वसाधारण सभेत अध्यक्षांनी खुशाल सही करणाऱ्या सचिवाकडे बोट दाखवलं. गुणाजीने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत बसलो. त्याने राजीनामा दिला. माझं नाव घेतलं नाही. माझं पद टिकलं. तसल्या संस्थेला तसलाच वकील शोभतो.

काही वर्षांनी त्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माफी मागायची म्हणून इस्पितळात गेलो. त्याला नीट दिसत नव्हतं. त्याने संमतीचा कागद माझ्या हातात दिला. "वाच. शेवटापर्यंत." मी अगदी खालची छापखान्याची ओळही वाचली. डोळे मिटून त्याने ऐकलं, सही केली, आणि हसला. "बरा वाचतंस रे, वकिला." तेव्हाच बोलायला हवं होतं… मी त्याची चादर सारखी केली आणि निघालो. त्यानंतर आला तो कुडाळचा फोनच.

हल्ली गोळी घेण्याआधी खोक्यातला कागद मीही शेवटपर्यंत वाचतो. मग जरा थांबतो, समोरून कोणी "वाचलंस मां?" विचारील म्हणून.

नाय रे गुणाजी. तेव्हा मी वाचूक नाय.