बॅनरसकट समुपदेशन

मिसबा आणि मी एकाच कॉलेजातले. मी साहित्यात एम.ए. केलं, तिनं मानसशास्त्रात. त्यामुळे नोकरी तिला लागली.

येरवड्यात कैद्यांच्या मुलांसाठी काम करणारी एक संस्था आहे. तिथल्या कार्यकर्त्यांचं समुपदेशन करायला मिसबाला नेमलं. तिनं मला अहवालाचं मराठी सुधारायला चिकटवलं. महिनाभर तिच्या खोलीत लोक फक्त डबा खायला यायचे. तिथला पंखा चांगला होता.

"आम्ही दुसऱ्यांचे प्रश्न सोडवतो हो. आम्हाला कसले प्रश्न?" खाता खाता म्हणायचे.

मग रुपालीताई आली. संस्थेतली सगळ्यात खमकी बाई. मुलांना तुरुंगात बापाच्या भेटीला तीच नेते. दारातच म्हणाली, "मला झोप लागत नाही. परतताना पोरं माझा हात सोडत नाहीत. सोमवारी बोलते. पण बोभाटा झाला तर पुन्हा येणार नाही." अहवाल घेऊन समोर बसलेला मी बहुधा तिला कपाट वाटलो.

सोमवारी तिच्याआधी संचालक केदारदादा आले, संस्थेचा बॅनर घेऊन. या संस्थेत फोटो नसेल तर ते घडलंच नाही. झाड लावलं, फोटो. संडास रंगवला, फोटो. दादांनी बॅनर भिंतीला लावला, मोबाइल माझ्या हातात दिला.

"समुपदेशन घेणाऱ्याचा एक फोटो. रडत असेल तर उत्तम."

"मिळणार नाही," मिसबा म्हणाली.

"पाठमोरा घेऊ."

"इथे सगळे एकमेकांना चपलेवरून ओळखतात, दादा."

"मग देणगीदारांना काय रिकामी खुर्ची दाखवू?"

"तुम्ही बसा की."

बाहेर रुपालीताई येऊन थांबली होती. बॅनर दिसताच ती जिन्याकडे वळली.

दादा बसले. कॉलर सारखी केली. "काय बोलू?"

"काहीही. फोटोत आवाज येत नाही."

"बरं. कंटाळा आलाय." ते हसले. मग हसायचे थांबले. "घराखाली गाडी लावतो आणि गाडीतच बसून राहतो. वर जावंसंच वाटत नाही."

मी मोबाइल खाली घेतला. मिसबानं मला नजरेनंच बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

रुपालीताई दुसऱ्या पायरीवर होती. "फोटो झाला?"

"नाही."

"मग दादा आत काय करतायत?"

"बोलतायत."

"कुणाबद्दल?"

"स्वतःबद्दल."

तिला खरं वाटेना. मलाही खरं वाटत नव्हतं. मग ती वर आली, बाकावर बसली. दादांचं संपेना. शेवटी तिनं उठून दार वाजवलं.

"दादा, उरलेलं पुढच्या सोमवारी. ही वेळ माझी आहे."